फळीची उलटी बाजू

चंद्रपूरकडच्या पोंभुर्ण्यातल्या आमच्या घराचे पुढचे दार आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, स्वतःच्या हाताने केले होते. सागाचे, दोन झडपांचे. समोरून पाहणाऱ्याला त्यात मोठे काही दिसत नसे. नक्षी नाही, पितळेची फुले नाहीत. पाहुण्याला ते दाखवायचे झाले की आबाजी त्याला आत घेत, झडप ओढून घेत आणि मागची बाजू दाखवत. "समोरून तं कोनीबी रंधा मारते. मांगून पाय." मागची फळीही तेवढ्याच मनाने रंधलेली होती, कडांची धार मोडलेली होती आणि चौकटीच्या सांध्यात पाचर कुठे ठोकली आहे ते शोधावे लागे. मग ते पाहुण्याला डोळे मिटायला लावत. "डोरे मीट अन् बोट फिरव." बोट थेट खालच्या कडेपर्यंत न्यायचे, जिथे दार उंबरठ्याला टेकते आणि जिथे कुणी कधी पाहत नाही. तिथेही बोटात कूस शिरली नाही, तर दार झाले म्हणायचे.

त्यांची आणखी एक खूण होती. उन्हाळ्यात केलेल्या दाराच्या दोन झडपांमध्ये ते फट सोडत आणि त्या फटीतून आठ आण्यांचे नाणे वरपासून खालपर्यंत सरकवत. नाणे कुठे अडले तर पुन्हा रंधा. कुठे सैल पडले तर चेहरा उतरलेला. फट ही त्यांच्या लेखी चूक नव्हती, पावसाळ्यासाठी राखून ठेवलेली जागा होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांना जातो, आणि पुढे धानाच्या बांध्या भरल्या की घरातले मीठ पाघळते. लाकूड या दोन्ही ऋतूंत एका मापाचे राहत नाही. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते, आणि वर्तुळांच्या अंगाने तर गाभ्याकडच्या अंगापेक्षा साधारण दुप्पट हलते. हे आबाजींनी कुठे वाचले नव्हते. फुगून अडकलेली दारे त्यांनी आयुष्यभर काढून दिली होती, तेवढे पुरे होते.

महागड्या मोटारीच्या आतले काम पाहताना मला या दोन खुणांपेक्षा चांगली कसोटी अजून सापडलेली नाही. डोळे मिटून बोट फिरवायचे, आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहायचे.

चंद्रपूरच्या एका मित्राकडे १९९५ ची मर्सिडीज ई २२० आहे. जाणकार तिला डब्ल्यू १२४ या कारखान्यातल्या नावाने ओळखतात. हा नमुना १९८४ च्या अखेरीस जगासमोर आला, दहा-बारा वर्षे चालला, आणि त्याच्या सगळ्या प्रकारांच्या मिळून २५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. जर्मनीत तो श्रीमंतांच्या दारात उभा राहिला तसाच टॅक्सीच्या रांगेतही उभा राहिला. मर्सिडीजचे नाव आपल्याला त्याआधी ट्रकवरून माहीत होते, कारण टाटांच्या टेल्कोशी त्यांचा करार १९५४ चा. मोटारीसाठी कंपनी इथे आली ती १९९४ मध्ये, आणि १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात, जर्मनीहून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करून, त्यांनी पहिल्यांदा बाहेर काढली ती हीच गाडी. जर्मनीत तेव्हा तिची पुढची पिढी तयार झाली होती. आपल्याकडे मावळतीचा नमुना आला अशी तक्रार त्या वेळी होऊ शकत होती. मला मात्र तो योग वाटतो. दहा वर्षे घासून, सुधारून, पक्की झालेली वस्तू आपल्या हातांकडे जोडायला आली.

मित्र दरवर्षी दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, पोंभुर्ण्याला येतो. रात्रभर झाडीपट्टीचे नाटक पाहायचे आणि पहाटे परत निघायचे, हा त्याचा नेम. त्या रात्री गाडी आमच्या अंगणात असते आणि सकाळी चहा होईपर्यंत मी तिच्यात बसून घेतो. इतकी वर्षे मी ती चालवली कमी आणि वाचली जास्त.

दारापासून सुरुवात करतो. मर्सिडीजचे दार म्हटले की लोक त्याच्या आवाजाबद्दल बोलतात. तो 'धप्प' आवाज मलाही आवडतो, पण त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. आवाज घडवता येतो. पत्र्याच्या आतून डांबरी थर चिकटवले, रबराची दुहेरी पट्टी लावली, कुलपाच्या जिभेवर प्लास्टिकचे आवरण चढवले की हलक्या दारातूनही भारदस्त आवाज काढता येतो, आणि मोटारकंपन्यांकडे आज एवढ्याच कामाला वाहिलेले ध्वनितज्ज्ञ आहेत. मी दार पूर्ण उघडतो, त्याची मोकळी कड दोन्ही हातांनी खालून धरतो आणि किंचित वर उचलून पाहतो. बिजागरी झिजली असेल तर दार वर येते आणि सोडल्यावर टक् करून खाली बसते. या गाडीचे ड्रायव्हरकडचे दार तीस वर्षांत किती हजार वेळा उघडले असेल, त्याचा हिशोब नाही. ते उचलले तर सगळी गाडी उचलल्यासारखी वाटते. दार आणि चौकट अजून एकच आहेत.

मग फट. गाडीच्या बाजूला उकिडवे बसून मी पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत नजर नेतो. पुढच्या दाराची, मागच्या दाराची, डिकीच्या झाकणाची फट. नवी गाडी पाहणारे फट किती बारीक आहे ते पाहतात. आबाजींच्या नाण्याने मला वेगळे पाहायला शिकवले आहे. बारीक फट मोठी कामगिरी नव्हे, सारखी फट मोठी कामगिरी आहे. आणि फटीच्या दोन्ही बाजूंचे पत्रे एका पातळीत हवेत, तळहात आडवा फिरवला तर कुठे पायरी लागता कामा नये. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या लेक्ससने दूरदर्शनवरच्या एका जाहिरातीत पोलादाची बारीक गोळी मोटारीच्या पत्र्यांमधल्या फटीवरून घरंगळत नेली होती. एका टोकाला सोडलेली गोळी वळणे घेत दुसऱ्या टोकाला जाते, कुठे अडत नाही, कुठे निसटत नाही. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या एलएस ४०० ने जर्मन कारखान्यांची झोप आधीच उडवली होती. मी ती जाहिरात खूप उशिरा पाहिली, आणि पाहताना मला पोंभुर्ण्यातले आठ आण्यांचे नाणे दिसले. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन कारागिरांनी एकच कसोटी शोधावी, याने मला आजही भरून येते.

आत बसल्यावर डोळे मिटायचे. हात आपोआप जिथे जातो तिथे सगळेच कारखाने चांगले काम करतात. स्टीअरिंग, गिअरची मूठ, हात टेकायची जागा. तिथे काम चांगले असणे म्हणजे समोरून रंधा मारणे. बोटे पुढे सरकवली पाहिजेत. दाराच्या कप्प्याचा तळ. दार आतून ओढायच्या मुठीची मागची बाजू, जिथे बोटांची टोके टेकतात. सीटच्या खालची कड. डॅशबोर्डच्या ओठाखालचा भाग, जिथे गुडघा लागतो. एका नव्या, अतिशय महागड्या गाडीत मी एकदा असाच हात घातला होता. समोर शिवलेले चामडे, आणि मुठीच्या मागे साच्यातून निघालेल्या प्लास्टिकची शिवण तशीच धारदार राहिलेली. बोट कापले नाही, पण त्या क्षणी गाडी माझ्या मनातून उतरली. ती धार काढायला एका माणसाचा अर्धा मिनिट लागला असता. तो अर्धा मिनिट कुणीतरी वाचवला होता.

मित्राच्या गाडीत ही शिवण मला सापडलेली नाही. प्लास्टिक आहे, पुष्कळ आहे, आणि ते चामडे असल्याचा आव आणत नाही. काळसर, जाड, जरा खरखरीत. पण प्रत्येक कड आतल्या बाजूला वळवून संपवली आहे. गालिचा जिथे संपतो तिथे त्याची कापलेली बाजू दिसत नाही, ती पट्टीखाली गेलेली असते. या गाडीतले मला सर्वांत आवडते काम हे असे न दिसणारे आहे. कुठलाही भाग अचानक संपत नाही. प्रत्येकाचा शेवट कुणीतरी विचार करून केलेला आहे, जसा चांगला कवी ओळीचा शेवट करतो.

आता लाकूड. पोंभुर्ण्याच्या माणसाने इथे थोडे थांबायलाच हवे.

मधल्या पट्टीवर झेब्रानो नावाचे लाकूड आहे. हे आफ्रिकेतल्या कॅमेरून-गॅबॉनकडचे झाड, आता दुर्मीळ होत चाललेले. पिवळसर अंगावर गडद तपकिरी, जवळजवळ काळे पट्टे. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना पट्टे म्हटले की दुसरेच जनावर आठवते, पण हे पट्टे सरळ आहेत, आणि ते सरळ असण्यातच कारागिरी आहे. ओंडका वाटेल तसा चिरला तर झेब्रानोचे पट्टे लाटांसारखे वेडेवाकडे येतात. गाभ्याकडून सालीकडे, वर्तुळांना काटकोनात चिरला तरच ते असे आखल्यासारखे उभे राहतात. त्यात लाकूड जास्त वाया जाते. शिवाय असे चिरलेले लाकूड ऋतूंप्रमाणे कमी हलते. म्हणजे जे डोळ्याला सुंदर तेच टिकायलाही चांगले. अशा जागा सुतारकामात थोड्या असतात आणि त्या भेटल्या की फार आनंद होतो.

अर्थात ही पट्टी आख्खी झेब्रानोची नाही. वर कागदाहून थोडा जाड असा लाकडाचा पापुद्रा, त्याखाली आडव्या-उभ्या थरांचा आधार, आणि सगळ्यांवर लाखेसारखा चकचकीत, जाड लेप. मोटारीतले लाकूड असेच असते, आणि ते तसेच असायला हवे. भरीव फळी उन्हात वाकली असती आणि अपघातात तिच्या सुळ्यांसारख्या चिरफळ्या झाल्या असत्या. म्हणूनच आजच्या बऱ्याच गाड्यांत पापुद्र्यामागे ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. 'खरे लाकूड नाही' असे कुणी म्हटले की मला वाईट वाटते. थर उभे-आडवे ठेवून एकाची हालचाल दुसऱ्याने धरून ठेवणे, ही लाकडाची समज आहे. आबाजी दाराच्या चौकटीतली मधली फळी सरसाने कधी चिकटवत नसत. ती खाचेत सैल बसवत, म्हणजे तिला फुगायला वाव राहतो. त्यांनी हालचालीला जागा दिली, जर्मन कारागिराने हालचाल बांधून ठेवली. दोघांनीही आधी ती ओळखली होती.

वासाची एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. झेब्रानो चिरताना त्याला उग्र, नकोसा वास येतो असे हे लाकूड हाताळणारे सांगतात. सागाचे उलट आहे. ताज्या चिरलेल्या सागाच्या भुशाला नव्या चामड्याचा वास असतो. आबाजींच्या पडवीत तो कायम भरून असे. पहिल्यांदा चामड्याच्या सीटच्या गाडीत बसलो तेव्हा मला श्रीमंतीची आठवण झाली नाही, पडवीची झाली.

मोटारीच्या वासाचीही परीक्षा होते, आणि ती फार गंभीरपणे होते. जर्मनीत इंगोलश्टाटला ऑडीच्या कारखान्यात १९८५ पासून नाकाने पारख करणाऱ्यांचा एक गट आहे. आतल्या कापडाचा, फोमचा, प्लास्टिकचा तुकडा काचेच्या बरणीत बंद करायचा, ८० अंशांना दोन तास तापवायचा आणि मग झाकण उघडून हुंगायचे. १ ते ६ असे गुण. १ म्हणजे वास नाही, ६ म्हणजे सहन न होणारा. बरणी ८० अंशांना का, हे पोंभुर्ण्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यात दुपारी बंद गाडीचा डॅशबोर्ड हात टेकवू देत नाही. त्या वेळी दार उघडले की जो वास अंगावर येतो, तो गाडीच्या आतल्या कामाचा सगळ्यांत प्रामाणिक जबाब असतो. सरसाचा, रंगाचा, स्वस्त फोमचा वास शोरूमच्या थंड हवेत दबलेला असतो. आमचा उन्हाळा त्याला बोलते करतो. छताचे कापड सुटून डोक्यावर लोंबायला लागते तेही याच उन्हात, कारण कापडामागचा फोम कुजून भुगा होतो. महागडी गाडी घेणाऱ्या माणसाला मी एवढेच सांगेन, की ती एकदा आमच्याकडे वैशाखात घेऊन ये.

सीटबद्दल थोडे. या गाडीच्या सीटमध्ये फोमचा एक गठ्ठा भरलेला नाही. खाली पोलादी स्प्रिंगा, त्यांवर रबराने बांधलेल्या केसांची किंवा नारळाच्या काथ्यासारख्या तंतूंची गादी, आणि वर कापड. पहिल्यांदा बसताना ती कडक वाटते. चंद्रपूरहून नागपूर गाठून उतरल्यावर कळते की पाठ दुखत नाही आणि घामाने भिजलेलीही नाही, कारण तंतूंमधून हवा खेळते. आमच्याकडे दमणीत, म्हणजे बैलगाडीत, बसायच्या जागेवर आधी तणसाचा जाड थर घालत आणि त्यावर गोधडी. कापसाची गादी असूनही तणस का, असे लहानपणी विचारल्यावर आजीने सांगितले होते की तणस दबते आणि पुन्हा उठते, कापूस दबला की दबला. मऊपणा आणि आराम यांतला फरक मला तिथे कळला. शोरूममध्ये पाच मिनिटे बसून जे मऊ वाटते त्यावर भुलू नये. चांगली सीट दोन तासांनी बोलायला लागते.

शिवणीचे काम मला नीट वाचता येत नाही, ते माझ्या घराण्यातले नाही. एवढे कळते की टाके मोजले तर बोटाच्या एका पेरात सगळीकडे तेवढेच यायला हवेत आणि वळणावर ते जवळ येता कामा नयेत. इंग्लंडमध्ये क्रू इथल्या बेंटलेच्या कारखान्यात स्टीअरिंगवर चामडे शिवणारे कारागीर टाक्यांमधले अंतर आखायला जेवणाचा साधा काटा वापरतात, हे कळले तेव्हा मला आबाजींचे नाणे पुन्हा आठवले. मोजमापाची यंत्रे परवडत नाहीत म्हणून नव्हे. हाताला सवयीचे झालेले हत्यार सोडवत नाही म्हणून.

ही गाडी मला सुंदर वाटते ती सजावटीमुळे नाही. हिच्यात जवळजवळ प्रत्येक रेषेला कारण आहे आणि ते कारण वापरताना समजत जाते. मागच्या दिव्यांची काच खाचाखाचांची आहे. सपाट का केली नाही? पावसाळ्यात मूल गावाकडून पोंभुर्ण्याला आले की मागचा सगळा पत्रा तांबड्या चिखलाने भरतो, पण दिव्यांच्या खाचांचा आतला भाग उजळ राहतो, कारण वाऱ्याबरोबर उडालेली घाण उंचवट्यांवर बसते आणि खोलगट भागात कमी पोचते. मर्सिडीजने ही युक्ती १९७० च्या दशकापासून वापरली. समोरच्या काचेला वायपर एकच. तो नुसता अर्धवर्तुळात फिरत नाही, कोपऱ्यांकडे जाताना लांब होतो आणि मध्ये आला की आखडतो, आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. ज्या गाड्यांत विजेवर हलणाऱ्या सीट आहेत, त्यांत सीट हलवायचे बटण सीटच्याच आकाराचे करून दारावर बसवले आहे. पाठ मागे न्यायची तर बटणाची पाठ मागे ढकलायची. वाचता न येणारा माणूसही पहिल्या खेपेला चुकत नाही. मागच्या काचेखालच्या फळीत प्रथमोपचाराच्या पेटीची झाकण असलेली जागा आहे.

या काळात मर्सिडीजच्या रचनाविभागाचा प्रमुख ब्रुनो साको होता, इटलीत जन्मलेला, १९७५ पासून १९९९ पर्यंत त्या जागेवर राहिलेला. २०२४ मध्ये तो गेला. नव्या गाडीने आधीच्या गाडीला म्हातारी करू नये, हा त्याचा आग्रह होता. मोटार विकणाऱ्या माणसाने असा आग्रह धरणे किती अवघड असेल याचा विचार करावा. धंदा तर जुने जुने वाटावे यावरच चालतो. मला वाटते आतल्या कामाचा दर्जा शेवटी याच ठिकाणी ठरतो. वस्तू नवी असताना ती कुणाला दिपवते यावर नाही, तर तीस वर्षांनी तिच्याकडे बघायला कुणाला संकोच वाटत नाही यावर.

पण पारख करणाऱ्याने प्रेमात आंधळे होऊ नये. याच नमुन्याच्या शेवटच्या वर्षांत, १९९३ ते १९९५ च्या सुमारास, काही पेट्रोल इंजिनांवर जी वायरिंग आली तिचे वेष्टण निसर्गात विरघळावे अशा हेतूने नव्या पदार्थाचे केले होते. इंजिनाच्या उष्णतेत ते काही वर्षांत ठिसूळ होऊन गळू लागले आणि उघड्या तारा एकमेकींना भिडू लागल्या. जगभरच्या मेकॅनिकांना हे ठाऊक आहे. हेतू चांगला होता. पण चारही बाजूंनी पक्क्या बांधलेल्या घरात वाळवी आतून लागावी तसे हे झाले. दार, फट, सीट, लाकूड सगळे उत्तम असूनही दोष अशा जागी राहिला जिथे बोट फिरवून कळत नाही, फक्त वर्षे उलटल्यावर कळतो. म्हणून नव्या गाडीबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांचे मला नवल वाटते. फळीची उलटी बाजू कधी कधी काळाच्या पलीकडे असते.

सागाबद्दल मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. चांद्याचा साग एवढा नावाजलेला, मग तो मोटारीत का नसतो? २९ मार्च २०२३ ला बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागाचे पहिले लाकूड मिरवणुकीने निघाले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे उभी होती. बल्लारपूरच्या लाकडाच्या आगारात लिलावाच्या आधी ओंडक्यांच्या रांगांतून फिरणारे खरेदीदार मी पाहिले आहेत. ते ओंडक्याच्या लांबीकडे ओझरते पाहतात आणि त्याच्या तोंडाशी येऊन बसतात. गाभा मधोमध आहे का, तिथे पोकळी आहे का, चीर किती खोल गेली, कच्च्या लाकडाची पांढरी कड किती रुंद. तेही उलटी बाजूच पाहत असतात.

मोटारीत साग क्वचित दिसतो, कारण मोटारीला चकाकी हवी असते आणि सागाच्या अंगात तेल असते. त्या तेलामुळे लेप आणि सरस त्याला सहजी धरत नाहीत. पण त्याच तेलामुळे पाणी त्याला कुजवू शकत नाही. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी मलबारी सागात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आज दोनशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. आणि २००७ मध्ये रोल्स-रॉइसने उघड्या छताची फँटम आणली, तेव्हा तिच्या मागच्या भागावर, जिथे ऊन-पाऊस थेट पडतो, जहाजाच्या डेकसारख्या सागाच्या पट्ट्या बसवून देण्याची सोय ठेवली. आतल्या सावलीत अक्रोडाच्या गाठींचे चकचकीत पापुद्रे, आणि आभाळाखाली साग. ज्याचे काम त्याला दिले. त्या पट्ट्यांचा फोटो मी जपून ठेवला आहे. साग आमच्याकडचा नव्हे, पण आमच्या जातीचा.

चाकणला मर्सिडीजचा कारखाना २००९ पासून आहे, आणि २०२२ मध्ये तिथे विजेवर चालणारी ईक्यूएस जोडायला सुरुवात झाली. तिच्या आत एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत १४१ सेंटिमीटर रुंदीची एकच वळणदार काच आहे आणि तिच्याखाली पडदे. मी तिच्यात बसलो आहे. काच ज्या बारकाईने वळवली आणि बसवली आहे ते काम मोठे आहे, तिच्या कडेची फट आबाजींच्या नाण्याने मोजावी अशी सारखी. तरी मला तिच्यापुढे बसून पट्टी गोंजारल्यासारखा हात फिरवता आला नाही. काचेवर बोट फिरले की डाग उरतो आणि लाकडावर फिरले की चकाकी येते. कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या मिरवणुकीत निघते आणि लोक ती पाहायला थांबतात. या काचेमागचे पडदे तेवढ्या वर्षांनी उजळतील का, याची मला काळजी वाटते.

मागच्या वर्षी मंडईला मित्र आला तेव्हा त्याच्या गाडीतल्या झेब्रानोच्या पट्टीवरच्या लेपाला बारीक तडे गेले होते. आधीच्या मालकाने गाडी वर्षानुवर्षे उन्हात उभी केली होती, त्याचे ते. माझा चुलतभाऊ अजून सुतारकाम करतो. मित्राने त्याला विचारले, "दादा, ही काढून सागाची बसवून देता काय?" भावाने पट्टी अलगद सोडवली आणि सवयीने आधी उलटी केली. मागे कुठलाही रंग नव्हता. थर एकावर एक सरळ बसलेले, कडा स्वच्छ, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा. शेजारच्या छोट्या झाकणाच्या मागेही तोच आकडा निघाला. एकाच पापुद्र्याचे दोन तुकडे हरवू नयेत म्हणून कुणीतरी लिहिलेला. आबाजीही दाराच्या दोन झडपांच्या मागे अशीच खूण करत, कारण एका ओंडक्याच्या फळ्या वेगळ्या दारांना गेलेल्या त्यांना चालत नसत.

भावाने साग आणला नाही. तड्यांत पातळ लेप भरला, दोन दिवस सावलीत वाळू दिला, हलक्या हाताने घासला आणि पट्टी होती तशी बसवली. तडे जवळून पाहिले तर अजून दिसतात. डोळे मिटून अंगठा फिरवला तर लागत नाहीत.